फरझाना टीचरचा ‘अन’

रोह्यात नव्या माणसाला फरझाना टीचरचा पत्ता सांगायचा झाला, तर लोक खुणेला तिचा आवाज सांगतात. बाजारपेठेतून आत वळा, पिठाच्या गिरणीच्या माडीवरून एक बाई कुणाला तरी झापताना ऐकू आली की समजा बरोबर आलात. गिरणीचा पट्टा चालू असला तरी टीचरचा आवाज त्याच्या वर राहतो. गिरणीवाल्या दत्तात्रेयला कुणीतरी विचारलं होतं, डोक्यावर रोज एवढा आरडाओरडा, त्रास नाही होत? तो म्हणाला, "सवय झाली. लाईट गेली तर गिरण बंद पडते, बाई नाय बंद पडत."

लोक म्हणतात, हिच्या नाकावर राग आहे. नाक ही फार लांबची जागा झाली. तिचा राग जिभेच्या शेंड्यावरच बसलेला असतो. महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवण्याच्या पाट्या लावणाऱ्यांचा तिला राग. मुलगी आहे, दहावीपर्यंत पुरे, असं म्हणणाऱ्यांचा तर इतका राग की अशा एका बापाला निरोप द्यायला म्हणून ती जिना उतरली आणि एसटी स्टँडपर्यंत त्याला ऐकवत गेली. पण या सगळ्यांहून मोठा राग आणखी एका गोष्टीचा. एखादी आई किंवा बाप पोराला घेऊन माडी चढायचे आणि पोराच्या देखत म्हणायचे, "टीचर, ह्याला काय पण येत नाय हो." की संपलं. ती पोराला स्वतःची खुर्ची द्यायची आणि आईबापाला बाकावर बसवायची. "मी त्याला विचारलंय, तुम्हाला नाही. त्याला तोंड आहे."

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिचे अब्बा नासिर. त्यांचं उभं आयुष्य सौदीत गेलं. दोन वर्षांनी एकदा यायचे, मोठमोठ्या बॅगा आणायचे आणि घरातल्यांची ओळख होईपर्यंत परत जायचे. आता थकून कायमचे घरी आलेत. अम्मीला दम्याचा त्रास. त्यामुळे घर पडलं फरझानाच्या अंगावर, आणि घराबरोबर धाकटा भाऊ नावेदही. तो नऊ वर्षांचा असताना त्याला टीबी झाला. वस्तीत लोक त्यांच्या ओट्यावर टेकेनासे झाले. तेव्हा कॉलेजात बीए करणारी ही मुलगी त्याला रोज सरकारी दवाखान्यात न्यायची, गोळ्या गिळेपर्यंत समोर उभी राहायची, आणि रस्त्यात कुणी तोंडाला रुमाल लावला तर त्याला त्या रुमालासकट धुवून काढायची. कुणी नावेदला काही विचारलं की उत्तर तीच द्यायची. पोरगं खोकून खोकून दमलेलं असायचं, त्याला बोलायला कशाला लावायचं? सहा महिन्यांनी तो खडखडीत बरा झाला. उत्तरं देण्याची हिची सवय मात्र गेली नाही.

तिच्या स्वतःच्या लग्नाचं एकदा ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी सांगितलं, शिकवणी बंद करायची. हिने त्यांना दाराबाहेर चपला कुठे आहेत ते दाखवलं. आता पस्तिशी उलटली. नातेवाईक बायका चुकचुकतात तेव्हा ती त्यांनाही वर्गात बसवल्यासारखं समजावते, "अनमॅरिड म्हणजे लग्न झालेलं नाही. एवढंच. त्यात बिच्चारी कुठे लिहिलंय?"

आणि हाच तिचा जिव्हाळ्याचा धडा. दरवर्षी आठवी-नववीच्या पोरांना ती इंग्रजी विशेषणांपुढे लागणारे हे नकाराचे तुकडे शिकवते, अन, इन, इम, डिस. पुस्तकात त्यांची एक चौकट असते, पाठ करा आणि मार्क घ्या. ती चौकटीकडे बघतसुद्धा नाही. एका मुलीला पुढे बोलावते. "तू हॅपी." मग एखाद्या किडकिडीत पोराला उठवते. "तू अन. जा, तिच्या पुढे उभा राहा." पोरगं जाऊन उभं राहतं. "आता काय दिसतं?"

"अनहॅपी, टीचर."

"हॅपी कुठे गेली?"

पोरं गोंधळतात. मग कुणीतरी म्हणतं, "कुठं नाय गेली. मागंच उभी हाय."

"मागेच उभी आहे. हा पुढचा एवढासा आहे, दीड अक्षराचा. पण लोकांना तोच दिसतो. मागच्या माणसाला कुणी विचारत नाही." मग आवाज चढतो. "आणि दरवेळी नुसतं ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. अनकाइंड म्हणजे माया नाही एवढंच नाही, तो माणूस दुखावतो. हॅपी नसलेला प्रत्येक जण अनहॅपी नसतो, नुसता बसलेलाही असेल. इनव्हॅल्युएबल म्हणजे फुकटची वस्तू समजलात तर कान उपटेन, जिची किंमतच करता येत नाही ती इनव्हॅल्युएबल. पुढे कोण येऊन उभं राहिलंय, त्याने मागच्याचं नक्की काय केलंय, ते बघायचं. कळलं?"

कळलं म्हटल्याशिवाय सुटका नसते, म्हणून सगळे कळलं म्हणतात. काहींना खरंच कळतं.

आता नावेदचं. पोरगा पंचविशीचा झाला. उंच, सावळा, दंडाने दणकट आणि तोंडाने मुका म्हणावा इतका शांत. ज्या घरात फरझाना आहे त्या घरात दुसऱ्या कुणी बोलायची गरजही नसते म्हणा. बारावीनंतर तो कोलाडला जायला लागला. तिथे कुंडलिका नदीवर रबरी राफ्टमधून टुरिस्ट लोकांना खळाळत्या पाण्यातून नेतात, त्या कामावर. फरझानाला ते पटत नव्हतं. पाण्यात खेळणं हे काही काम झालं? पोराने माणसात यावं, नीट काहीतरी करावं, म्हणून तिने त्याच्या मागे लागून कुवेतच्या एका स्टोअरची नोकरी शोधली, मुलाखतीची इंग्रजी उत्तरं त्याच्याकडून घोकून घेतली, पासपोर्ट काढायला लावला.

त्यातच पेणच्या मुकादमांच्या रुखसारचं स्थळ आलं. रोह्या-पेणकडच्या आमच्या लोकांत एक रीत आहे. मुलगा गल्फला जाणार असला की मंगनी, म्हणजे साखरपुडा, आधी होते, लग्नाची तारीख मात्र मेडिकल झाल्यावर धरतात. मुंबईला जाऊन रक्त द्यायचं, छातीचा फोटो काढायचा, आणि मग एक शब्द येतो. फिट आलं की हॉल बुक. या एका शब्दासाठी घरंच्या घरं नमाजात दुआ मागत बसतात. गल्फला अनफिट तो संसारालाच अनफिट, असं कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मंगनी थाटात झाली. मुकादमांची माणसं रोह्याला आली, बिर्याणी जेवली. मुकादमांनी नावेदकडे बघून विचारलं, मुलगा सध्या काय करतो? आणि नावेदने घसा साफ करेपर्यंत फरझाना त्याच्या पुढे होऊन फर्ड्या इंग्रजीत बोललीसुद्धा, "ही इज अनएम्प्लॉइड राइट नाऊ, बट ही इज लीव्हिंग फॉर कुवेत." सगळे खूश झाले. फरझाना सगळ्यांत जास्त.

मेडिकलचा निकाल आला, अनफिट. छातीच्या फोटोत जुना वण दिसत होता. रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार केव्हाच गेलाय, पोरगा घोड्यासारखा आहे, पण त्यांच्या नियमाला वण चालत नाही. हे समजवायला जाणार कुणाला? दोन दिवसांत नाव बदललं. नावेद गेला आणि त्याच्या जागी अनफिट आला. चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, माशांच्या बाजारात लोक एकमेकांना खुणावू लागले, तो बघ, नासिरचा अनफिट. अब्बांनी तर एकच शब्द काढला, नालायक, आणि तोंड भिंतीकडे केलं. बाप सौदीत राहिला म्हणून पोराला बाप मिळाला नाही, आणि पोराला कुवेत मिळालं नाही म्हणून बापाला पोरगा नको झाला. सांगायलाही लाज वाटते, पण असं झालं.

त्याच आठवड्यात वर्गात तो धडा होता. फरझानाने पुढे ढकलला नाही. ती असल्या गोष्टी पुढे ढकलत नाही. "सांगा, अन लागणारे शब्द," ती म्हणाली. अनहॅपी झालं, अनफेअर झालं. मग शेजारच्या घरातली सहर उभी राहिली. अभ्यासू पोरगी, हळू बोलणारी. "अनफिट," ती म्हणाली. "टीचर, म्हणजे मी—"

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

फरझानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डस्टर फळ्यावर आपटलं, खडूची धूळ उडाली, आणि मग जे सुरू झालं ते खाली गिरणीत दळण थांबवून लोकांनी ऐकलं. कुणाच्या घरच्या गोष्टी चघळता, जिभेला हाड आहे का, घरी हेच शिकवतात का. सहर पुन्हा काहीतरी बोलायला गेली. "तू गप. एक अक्षर नको." पोरगी रडत खाली बसली. वर्ग तिथेच सुटला.

ती घरी पोचली तर ओट्यावर एक मरून सुटकेस. मुकादमांच्या रंगाच्या दुकानाचा टेम्पो चालवणारा ड्रायव्हर प्रणित ती ठेवून निघाला होता. मंगनीत रुखसारला दिलेले कपडे, अंगठी, अत्तर, सगळं त्यात. मंगनी मोडली की सामान असं तिसऱ्याच्या हातून परत करायचं, घरच्यांनी यायचं नाही, म्हणजे बोलाचाली होत नाही. प्रणितने मान खाली घालून सांगितलं, "शेटनी दिलंय. मला काय बोलू नका, ताई." आणि तो गेला.

"ठेव आत," अब्बा म्हणाले.

"आत ठेवू?"

"त्यांची पोरगी हाय, त्यांना हक हाय. तमाशा नको."

"तमाशा? तुमच्या पोराला लोक नाव ठेवतायत, सामान ड्रायव्हरच्या हातनं फेकलंय, आन् तुमी म्हणता तमाशा नको?" राग फार झाला की तिची पुस्तकी भाषा गळून पडते आणि घरची वर येते. "तुमी सौदीत काय शिकलात? बॅग उचलायची आन् ठेवायची?"

अम्मी आतून धापा टाकत म्हणाली, "गो, हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांच्यासाठीच बोलते."

नावेद दाराशी उभा होता. नदीवरून नुकताच आलेला, केस ओले. त्याने सुटकेसकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "आपा, मला—"

"तू काळजी करू नको. उद्या पेणला जायचं. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून दोघं निघाली. सुटकेस नावेदच्या मांडीवर. निडी गेलं, नागोठणं गेलं, फरझानाचं बोलणं काही संपलं नाही. मुकादम काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं, मग ते काय म्हणतील, सगळं तिने खिडकीच्या गजाला ऐकवलं. नावेद बाहेर बघत होता. वडखळला तो एकदा म्हणाला, "आपा, ऐक ना." ती म्हणाली, "तिथे गेल्यावर तू फक्त सलाम कर, बाकी माझ्यावर सोड." मग तो गप्प झाला तो पेण येईपर्यंत.

रामवाडीला उतरून दोघं चालत निघाली. मुकादमांचं घर दुकानाच्या मागे. दुकान रंगांचं, गणपतीच्या कारखान्यांना माल पुरवणारं. पितांबराचा पिवळा घ्यायचा तर मुकादमांचाच, असं पेणचे कारखानदार म्हणतात. अंगणात डबे रचून ठेवलेले, पलीकडच्या कारखान्याच्या मांडवात पांढऱ्या मूर्ती रंगाची वाट बघत ओळीने बसलेल्या. मुकादम ओट्यावरच होते. साठीचा, बुटका, हिशोबी माणूस. दोघांना बघून ते उठले, या म्हणाले, आत चहाचं सांगितलं. त्यांच्या बोलण्यात कुठे उणं नव्हतं. त्यामुळे फरझाना आणखी भडकली.

"चहा नको, चाचा. हे सामान कशाला परत पाठवलंत ते सांगा."

"बेटा, नशिबाची गोष्ट हाय. पोरगा अनफिट निघाला. आमी तरी काय करणार?"

"कशासाठी अनफिट?" ती नावेदच्या पुढे झाली, अगदी मुकादमांच्या समोर. "कुवेतच्या गोदामात खोकी मोजायला? मग तिथं नका पाठवू. तुमच्या पोरीला सुखानं ठेवायला अनफिट हाय, असं कोणत्या डॉक्टरनं लिहिलं? त्या लोकांनी छातीचा फोटो बघितला, माणूस नाय बघितला. लहानपणी आजार झाला, औषध घेतलं, बरा झाला. जखम भरते, वण ऱ्हातो. तुमच्या हातावर हा भाजल्याचा वण हाय, तुमाला कोण अनफिट म्हणतं? पुढं एक शब्द येऊन उभा राह्यला की तुमाला मागचा माणूस दिसायचा बंद होतो? शिकलेली माणसं तुमी, दुकान चालवता, आन् मुंबईतल्या एका कागदावर माणसाची पारख करता?"

पलीकडच्या मांडवात कामगारांचे हात थांबले होते. आतल्या पडद्यामागे कुणीतरी उभं होतं.  फरझानाच्या मते तिने आजवर दिलेल्या भाषणांत हे सगळ्यांत चांगलं होतं, आणि खरं सांगायचं तर होतंही.

मुकादमांनी शांतपणे ऐकलं. "झालं बोलून?"

"झालं."

"मग आता माझं ऐक. मंगनीच्या दिवशी मी विचारलं होतं, मुलगा काय करतो. त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं होतं. जबाब कोणी दिला?"

फरझानाने ओढणी सारखी केली.

"तू दिलास. इंग्लिशमधी. अनएम्प्लॉइड. तेवढं इंग्लिश मला येतं, बेटा, डब्यांवर वाचून वाचून. आता काय करत नाय, पण कुवेतला चाललाय. मी म्हटलं, चला, कुवेत तर कुवेत. आता कुवेत गेलं. मग तुझ्याच हिशोबानं मागं राह्यलं काय? मेडिकलवाल्यांनी अनफिट म्हटलं ते परवा. तुझा शब्द त्याच्या आधीचा हाय. मी माझी पोरगी कोणाच्या हातात द्यायची, ते तरी सांग. आन् आज पण आल्यापासून तूच बोलतेस. ज्याचं लगीन हाय त्याला तोंड हाय का नाय?"

त्याला तोंड आहे. माडीवर बसून शेकडो आईबापांना ऐकवलेलं हे वाक्य रामवाडीच्या ओट्यावर तिच्याच तोंडावर आदळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आलं नाही. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"आपा," मागून नावेद म्हणाला, "जरा बाजूला हो."

ती झाली. तेव्हा तिला कळलं की इतका वेळ मुकादमांना तो दिसतच नव्हता. सुटकेस हातात धरून तो तिच्या पाठीमागे उभा होता.

"चाचा, मी काम करतो," नावेद म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण अडखळतही नव्हता. "कोलाडला, सहा वर्सं. राफ्टचा गाइड हाय मी. सकाळी धरणाचं पाणी सोडतात, त्याच्यावर आमी लोकांना नेतो. राफ्टमधल्या निम्म्या लोकांना पोहता येत नाय. कुठं डावीकडं ओढायचं, कुठं हात थांबवायचे, ते मी सांगतो. राफ्ट उलटली तर पहिली उडी माझी. आजपर्यंत माझ्या राफ्टमधून गेलेलं प्रत्येक माणूस माझ्याबरोबर परत आलंय. नवीन पोरांना मीच शिकवतो. कुवेतला मला जायचंच नव्हतं."

"तर मग आधी का नाय सांगितलंस?" फरझाना ओरडली. जित्याची खोड.

नावेदने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि ते तिला जास्त लागलं. "किती वेळा सांगायला आलो, आपा. तू पुढचं वाक्य बोलून मोकळी व्हायचीस. अब्बांनी नालायक म्हटलं त्याचं मला एवढं नाय वाटलं. मेडिकलवाले तर मला ओळखत पण नाय. पण तू लोकांना सांगायचीस, हा काय करत नाय. मी ओल्या कपड्यांनी तुझ्यासमोर घरात यायचो, आन् तू सांगायचीस, हा काय करत नाय."

 पलीकडे मांडवात एक मूर्ती सरकवल्याचा आवाज झाला. मग आतला पडदा हलला आणि रुखसार बाहेर आली. ती सरळ नावेदपाशी गेली आणि सुटकेसच्या कडीला हात घातला.

"अब्बा, सामान जड हाय. हा किती वेळ धरून उभा ऱ्हाणार?" आणि ती सुटकेस घेऊन आत निघाली.

"उघडू नको," मुकादम म्हणाले. "अजून मी काय हो म्हटलं नाय. आधी कोलाडला येऊन बघतो." पण सुटकेस परत द्या, असंही ते म्हणाले नाहीत.

परतीच्या एसटीत फरझाना गप्प होती. नावेदला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली, तेवढंच. राग गेला नव्हता. राग तिचा कुठे जातो? फक्त या वेळी तो टाकायला समोर कुणी सापडत नव्हतं. अब्बा, मुकादम, प्रणित, मेडिकलवाला डॉक्टर, सगळ्यांना एकेक करून उभं करून पाहिलं, पण प्रत्येकाच्या आधी मंगनीतली ती स्वतःच येऊन उभी राहत होती, नवा ड्रेस घालून, फर्ड्या इंग्रजीत. दुसऱ्या कुणी नावेदला तसं म्हटलं असतं तर तिने त्याचं काय केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या बाईला स्वतःला झापायची वेळ यावी आणि झापायला एक शब्द सुचू नये, याचा तिला भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती उशिरा बोलायला लागली. खाली दत्तात्रेयने गिरण बंद करून वर कान दिला, बाई आजारी आहेत की काय म्हणून.

"सहर, उभी राहा," ती म्हणाली. "परवा तू काहीतरी बोलत होतीस. मी मध्येच तोडलं. काय बोलणार होतीस?"

सहरने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हणणार होते टीचर, नावेदभाईंना अनफिट म्हणतात ते चूक हाय. आमची मामेबहीण पाण्यात पडली होती कोलाडला, तवा त्यांनीच काढली. फिट नसतील तर काढली कशी? एवढंच."

"हे मला माहीत नव्हतं," फरझाना म्हणाली.

"सगळ्यांना माहीत हाय, टीचर."

तिने सहरला खुर्ची दिली आणि स्वतः बाकावर जाऊन बसली. पोरांना वाटलं, टीचर आता काहीतरी शिकवणार. तिने बराच वेळ काहीच शिकवलं नाही.

रविवारी मुकादम आले. फरझाना त्यांच्याबरोबर कोलाडला गेली. रिक्षाने अर्ध्या तासाची वाट, पण सहा वर्षांत तिचे पाय तिकडे वळले नव्हते. अब्बांनाही तिने या म्हटलं होतं. ते आले नाहीत. नदीकाठी दगडावर दोघं उभी राहिली. पाणी सुटलेलं होतं, खडकांवरून आपटत, फेसाळत येत होतं. वरच्या वळणावरून निळ्या राफ्ट दिसू लागल्या. पुढच्या राफ्टमध्ये मागच्या टोकाला नावेद बसला होता, हेल्मेट घातलेला, वल्हं पाण्यात खुपसून.

आणि तो ओरडत होता.

"फॉरवर्ड! फॉरवर्ड! स्टॉप! होल्ड ऑन!" हे इंग्रजी फरझानाने त्याला शिकवलेलं नव्हतं. तिने घोकून घेतलेली उत्तरं वेगळी होती, सर आणि मॅडमवाली. मुंबईची ती धष्टपुष्ट माणसं त्याच्या एकेका शब्दाला हात हलवत होती, थांबवत होती, खाली वाकत होती. राफ्ट दोन खडकांच्या मधून उभी झाली, बायका किंचाळल्या, तिने नकळत मुकादमांची बाही धरली, आणि राफ्ट खाली संथ पाण्यात येऊन टेकली. सगळे हसत होते. नावेद वल्हं टेकवून एकेकाला मोजत होता.

"आवाज तुमच्या घरचाच हाय," मुकादम म्हणाले.

फरझानाने त्यांची बाही सोडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

मुकादमांनीही राफ्टमधली माणसं मोजली. मग घसा खाकरून म्हणाले, "आता पेणला आमच्या मंडळींना सांगायला लागेल. विचारतील, जावई काय करतो. काय सांगू त्यांना?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. चांगलं, दणदणीत, दोन्ही भाषांत. तिने तोंड उघडलं. नावेद राफ्ट काठाला ओढून ओल्या वाळूतून त्यांच्याकडेच येत होता.

तिने तोंड मिटलं, आणि दगडावरून एक पाऊल बाजूला झाली.

"त्यालाच विचारा, चाचा," ती म्हणाली. "तो येतोय."